आधी गोठा आणि वैरण, जनावर शेवटी: कोकणात दुधाचा धंदा सुरू करताना

कोकणात दुधाला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. दुकानात सकाळी येणारी पिशवी बहुतेक वेळा कुंभार्ली, आंबा किंवा फोंडा घाट उतरून आलेली असते. गावातले ताजे दूध दारात मिळाले तर लोक लिटरमागे चार पैसे जास्त मोजतात. अडचण आहे ती मृगापासून दसऱ्यापर्यंतच्या चार महिन्यांची. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, पाणचट गवत, बुरशी धरलेला पेंढा, गोचीड, खुरांचे सडणे आणि कासदाह हे सगळे एकाच वेळी दारात येते. ज्याने नोव्हेंबरात पेंढा भरला नाही, तो जुलैत जनावर नुसत्या खुराकावर, म्हणजे पेंड-भरड्यावर, जगवतो आणि दुधाचा पैसा पेंडवाल्याला नेऊन देतो.

नवखा माणूस साधारणपणे उलट्या क्रमाने जातो. कर्ज मिळते, गाय येते, मग घाईघाईत पत्रे ठोकले जातात आणि वैरणीचा विचार सर्वांत शेवटी होतो. खाली दिलेला क्रम एका पूर्ण वर्षाचा आहे. ही तयारी दोन जनावरांसाठी धरली आहे. पहिल्या वर्षी यापेक्षा जास्त घेऊ नयेत.

विहीर मे महिन्यात बघा

दुभत्या जनावराला पिण्यासाठी दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात याहूनही जास्त. धुणे, गोठा साफ करणे, भांडी हे धरून एका जनावरामागे १५० लिटरचा हिशोब ठेवा. म्हैस असेल तर अंगावर पाणी मारण्याचे वेगळे. शिवाय उन्हाळ्यात हिरव्या वैरणीला पाणी द्यावे लागणारच. जांभ्याच्या सड्यावरची विहीर डिसेंबरात तुडुंब दिसते आणि एप्रिलच्या मध्याला तळ दाखवते. म्हणून निर्णय घ्यायचा तो मे महिन्यातली पातळी बघून. मे अखेर दोन तास पंप चालवून विहीर किती वेळात भरते ते पाहा. भरत नसेल तर धंदा एका जनावराचा करा, किंवा जागा बदला.

गोठा: एक पावसाळा रिकामा ठेवा

बांधकाम दिवाळीनंतर काढा आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवा. जागा उंचवट्याची हवी. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान दोन फूट वर घ्या. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचे ऊन आत येत नाही. मात्र पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिम बाजूंची वळचण साडेतीन-चार फूट बाहेर काढा. भिंत चारही बाजूंनी वर छपरापर्यंत नेऊ नका. कमरेएवढी भिंत आणि वर मोकळे, हेच दमट हवेत बरे. झड अडवायला नारळाचे झाप किंवा शेडनेटचे पडदे लावा, म्हणजे ते पावसाळ्यात सोडता येतील आणि ऑक्टोबरात गुंडाळता येतील. सगळ्या बाजूंनी बंद केलेल्या गोठ्यात शेणामुताचा वास डोळ्यांना झोंबू लागतो. तसे झाले म्हणजे जनावरांची फुप्फुसे बिघडायला सुरुवात झाली असे समजा.

छपराची उंची कडेला आठ-दहा फूट आणि मध्ये बारा-चौदा फूट ठेवा. कौले असतील तर उत्तम. पत्रा वापरला तर एप्रिल-मे मध्ये त्यावर पेंढा किंवा झाप टाकावे लागतात, नाहीतर दुपारी दोन वाजता जनावर तोंड उघडून धापा टाकते.

एका जनावराला उभे राहायला चार फूट रुंद आणि साडेपाच-सहा फूट लांब जागा द्या. पुढे दोन-अडीच फूट रुंदीची गव्हाण आणि मागे एक फूट रुंदीची मोरी. जमिनीला उतार पाच फुटाला एक ते दीड इंच. यापेक्षा कमी ठेवला तर मूत साचते. जास्त ठेवला तर गाभण जनावराचा भार सतत मागे पडतो आणि शेवटच्या महिन्यांत अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. कोबा गुळगुळीत घोटू नका. ओला असतानाच त्यावर बोटभर अंतराने रेघा ओढा. घसरून फाकलेली गाय पुन्हा उभी करणे फार कठीण.

आता एक गोष्ट जी गवंडी सांगणार नाही. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. त्या भोकांत आणि सांध्यांत गोचीड दडतात, काही जाती तिथेच अंडीही घालतात. मग जनावरावर कितीही औषध मारा, पंधरा दिवसांत पुन्हा गोचीड हजर. म्हणून आतल्या बाजूने जमिनीपासून चार-पाच फूट सिमेंटचा गिलावा करा आणि वर चुना मारा. बाहेरून चिरा उघडा राहिला तरी चालेल, शोभेसाठी.

शेणाची गायरी, म्हणजे खताचा खड्डा, उताराच्या बाजूला, विहिरीपासून लांब घ्या आणि तिच्यावर छप्पर घाला. उघड्या गायरीतले सत्त्व पहिल्या दोन पावसांत वाहून जाते. आंबा बागायतदाराला तुमच्या शेणाची किंमत दुधाइतकीच कळते. दहा वर्षांवरच्या एका कलमाला वर्षाला साधारण ५० किलो शेणखत लागते आणि एक जनावर दिवसाला १५ ते २० किलो ओले शेण देते. दोन जनावरांच्या शेणावर घरगुती गोबरगॅस जेमतेम चालतो. दर घनमीटर क्षमतेला रोज सुमारे २५ किलो शेण लागते.

वायरिंग करताना गळती झाली की आपोआप तुटणारा स्विच बसवाच. ओल्या भिंतीत उतरलेला करंट माणसाच्याही जिवावर बेतू शकतो, आणि चार पायांवर ओल्या कोब्यात उभे असलेले जनावर मरते. वासरांचा कप्पा जाळीने वरूनही बंद हवा. कोकणात बिबट्याचे भय खरे आहे.

आणि मग तो गोठा जून ते सप्टेंबर रिकामा ठेवा. झड कुठून येते, पागोळ्यांचे पाणी कुठे साचते, कोणता कोपरा दिवसभर ओला राहतो, हे जनावर नसताना बघून घ्या. दुरुस्ती तेव्हा स्वस्तात होते.

जूनमध्ये कांड्या लावा

गोठा रिकामा असताना वैरण उभी राहते. संकरित नेपिअर, ज्याला बाजारात हत्ती गवत म्हणतात, कोकणच्या पावसात चांगले येते. फुले जयवंत, को-४, डीएचएन-६ यांपैकी जवळच्या गोठ्यावर किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर मिळेल ते घ्या. तीन-चार महिन्यांचा पक्व दांडा घेऊन दोन डोळ्यांची कांडी करा. एक डोळा मातीत, एक वर, कांडी किंचित तिरकी. अंतर तीन फूट बाय दोन फूट. या अंतराने गुंठ्याला साधारण १८५ कांड्या बसतात. एका जनावराला वर्षभर रोज २०-२५ किलो हिरवे द्यायचे तर दहा गुंठे धरा. पुस्तकी उत्पन्न धरले तर सहा-सात गुंठ्यांत भागते, पण थंडीत नेपिअर मंदावते आणि मे महिन्यात पाणी अपुरे पडते, म्हणून दहा.

पहिली कापणी ६० ते ७५ दिवसांनी करा, नंतर दर ४५-५० दिवसांनी. जमिनीपासून चार-पाच बोटे वर कापा. अगदी मातीलगत कापले तर खुंट पावसात सडतो. दर कापणीनंतर गुंठ्याला किलोभर युरिया किंवा गोठ्याच्या मोरीचे पाणी द्या. पुरुषभर उंची झाली की दांडे जून होतात आणि जनावर नुसती पाने ओरबाडून बाकीचे तुडवते. कडबाकुट्टी यंत्राने एक-दीड इंचाचे तुकडे करून दिले तर हे नुकसान निम्म्यावर येते.

पाणी साचणाऱ्या मळ्याच्या जागेत नेपिअर पिवळे पडून जाते. तिथे पॅरा गवत लावा, त्याला ओल चालते. नारळी-पोफळीच्या सावलीत गिनी गवत येते. वरकस जमिनीवर पहिल्या पावसात स्टायलोचे बी फेकले तर गवतात द्विदल मिसळते. भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर चवळी पेरा. बांधावरचा गिरिपुष्प सगळ्यांकडे असतोच. त्याचा पाला जनावर आधी नाकारते, अर्धा दिवस सुकवून थोडा थोडा दिला की खाऊ लागते. सुबाभूळ मात्र एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर देऊ नका. त्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात, गळ्याशी सूज येते.

कुंपण विसरू नका. भात निघाले की गावची गुरे उनाड सुटतात, आणि डिसेंबरात आख्ख्या वाडीत हिरवे असते ते फक्त तुमच्याकडे.

पेंढा: इथेच धंदा तरतो

भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के, कॅल्शियम कमी, आणि सिलिका व ऑक्झलेट भरपूर. ऑक्झलेट खाण्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. नेपिअरमध्येही ते असते. त्यामुळे पेंढा आणि नेपिअर एवढ्यावर ठेवलेली गाय पोट भरूनही आतून रिकामी होत जाते. व्यायल्यावर बसते, उठत नाही, कान गार पडतात. हा दुग्धज्वर. पेंढ्याला पर्याय नाही, पण त्याच्या सोबत दररोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण हवेच. क्षारमिश्रण म्हणजे मीठ नव्हे. मीठ वेगळे, ३० ग्रॅम.

किती भरायचा? पावसाळ्याच्या पाच महिन्यांत एका जनावराला रोज पाच-सहा किलो, एरवी चार किलो. वर्षाचा हिशोब पावणेदोन टनांच्या आसपास येतो. नासाडी धरून दोन टन भरा. पेंढ्या किंवा भारे नगावर विकले जातात. दहा पेंढ्या काट्यावर ठेवून सरासरी काढल्याशिवाय भाव ठरवू नका, कारण पेंढीचे माप गावागणिक बदलते. खरेदी नोव्हेंबरात करा. मार्चनंतर आंब्याच्या पेट्या भरायला पेंढा लागू लागतो आणि भाव चढतो.

पेंढा घेताना मूठभर पिळून नाकाशी धरा. भात कापणीला परतीचा पाऊस सापडला असेल तर पेंढ्याला कुबट वास येतो, आतून काळे-करडे ठिपके दिसतात. असा पेंढा फुकट मिळाला तरी आणू नका. त्यातल्या बुरशीच्या विषाने म्हशींची शेपटीची टोके, कानांची टोके आणि खुराजवळची कातडी काळी पडून सडते. डेगनाला म्हणतात तो हाच रोग. थंडीत एकाएकी दोन-तीन जनावरे लंगडू लागली तर आधी उडवी, म्हणजे पेंढ्याची रचलेली रास, उघडून बघा.

उडवी रचताना खाली दगड आणि बांबूचा फूटभर उंच माच करा. रचलेला पेंढा भिंतीला टेकवू नका. मे अखेर उघड्यावरची उडवी छपराखाली आलीच पाहिजे. प्लास्टिक घट्ट गुंडाळले तर आतली वाफ बाहेर पडत नाही आणि पेंढा आतूनच बुरशी धरतो, म्हणून वरून झाका पण बाजू मोकळ्या ठेवा.

पेंढ्याची प्रत वाढवायची सोपी रीत म्हणजे युरिया प्रक्रिया. १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया आणि ४०-५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवा, खडा राहता कामा नये. ताडपत्रीवर २० किलोचा थर पसरून झारीने पाचवा हिस्सा द्रावण शिंपडा, पायांनी दाबा, मग दुसरा थर. शेवटी वरून प्लास्टिक टाकून कडा मातीने बंद करा. २१ दिवस उघडायचे नाही. युरियातून निघणारा अमोनिया पेंढ्याचे कडक धागे सैल करतो आणि प्रथिने दुपटीच्या आसपास जातात. हवा शिरली तर अमोनिया उडून जातो आणि फक्त ओला पेंढा उरतो, तो कुजतो. उघडल्यावर पेंढा पिवळट-तपकिरी आणि नाकाला झोंबणाऱ्या वासाचा हवा. रोज लागेल तेवढाच काढून तासभर हवेत पसरा, मग द्या. सुरुवात किलोभरापासून, आठवड्याने पूर्ण. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही.

युरियाचे पोते गोठ्यात ठेवू नका, मिठाच्या डब्याजवळ तर नकोच. द्रावणाची बादली उघडी राहिली आणि गाय ती प्यायली, तर पोट फुगून, थरथरून काही तासांत मरते. ही प्रक्रिया नोव्हेंबर ते मे मध्येच करा.

डोंगरउतारावरचे गवत कापायची वेळही चुकते. सगळे जण ते पिवळे पडेपर्यंत थांबतात. गवत निम्मे फुलोऱ्यात असताना, ऑक्टोबरच्या कडक उन्हाची पहिली उघडीप मिळताच कापले तर त्यात सत्त्व असते. नोव्हेंबर अखेर कापलेले आणि पेंढा यांत फारसा फरक राहत नाही.

कोणते जनावर, आणि कधी आणायचे

नवख्याने जर्सी संकर घ्यावी. आकाराने आटोपशीर, खाणे बेताचे, फॅट बरे आणि दमट उकाडा होल्स्टीनपेक्षा बराच जास्त सोसते. काळी-पांढरी होल्स्टीन संकर घाटावर वीस लिटर देत असेल, पण कोकणच्या एप्रिलमध्ये ती खाणे सोडते, दूध निम्म्यावर येते आणि माजही नीट दाखवत नाही. पंखे आणि फवारे लावून ती टिकवता येते, पण ते दोन जनावरांच्या गोठ्याला परवडत नाही. म्हशीच्या दुधाला चहावाले, खानावळी आणि खव्यासाठी मागणी आहे. मुऱ्हा किंवा मेहसाणा इथे चालते, मात्र तिच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी थोड्या, म्हणून उन्हाळ्यात दोन वेळा अंगावर पाणी किंवा डुंबायला डबके हवेच. पंढरपुरी म्हैस कमी खाण्यात भागवते.

कोकण कपिला ही आपली देशी, आता रीतसर नोंदणी झालेली जात. डोंगर चढते, पावसाला दाद देत नाही, गोचिडांना पुरून उरते, पण दूध दिवसाला दोन-तीन लिटरच्या आसपास. शेणखतासाठी, घरच्या दुधातुपासाठी ती ठेवावी. दुधाच्या विक्रीवर संसार चालवायचा असेल तर ती पुरणार नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

जनावर डिसेंबर-जानेवारीत आणा. घाटावरच्या कोरड्या हवेतून मे महिन्यात उतरवलेली गाय उकाड्याने खचते आणि जूनमध्ये पावसाने आजारी पडते. डिसेंबरात आलेल्या जनावराला अंग सरावायला पाच-सहा महिने मिळतात.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची, महिन्याभरात व्यालेली गाय घ्या. वय दातांवरून बघा: दोन दात म्हणजे दोन-अडीच वर्षे, सहा दात म्हणजे साडेतीन-चार, जुळलेली (आठही दात आलेली) म्हणजे साडेचार-पाचच्या पुढे. दूध लागोपाठ तीन वेळा स्वतःसमोर काढायला लावा. पहिली धार हिशोबात धरू नका, कारण आदल्या वेळचे दूध कासेत राखून ठेवण्याची युक्ती जुनी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेची बेरीज हे खरे दिवसाचे दूध. चारही सड स्वतः पिळा. कासेचा एखादा खण दूध काढल्यावरही दगडासारखा घट्ट राहिला तर ती गाय सोडून द्या. कानातला बारा अंकी बिल्ला पावतीवर लिहून घ्या, विमा आणि सरकारी योजना त्याच क्रमांकावर चालतात. सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलाची रक्ततपासणी सौदा पक्का करण्यापूर्वी करा. हा रोग माणसालाही होतो. आणल्यावर २१ दिवस वेगळे बांधा.

विकणारा सांगतो ते दूध असते शिखराचे, व्यायल्यानंतर दीड-दोन महिन्यांचे. ढोबळ नियम असा की शिखराच्या दुधाला २०० ने गुणले की पूर्ण वेताचे दूध येते. बारा लिटरची गाय म्हणजे वेताला २,४०० लिटर. दोन वेतांमधले अंतर ४०० दिवस पडले तर रोजचे सरासरी सहा लिटर. कर्जाचा हप्ता या सहावर बसवा, बारावर नाही. आणि दुसरी गाय पहिलीनंतर पाच-सहा महिन्यांनी विणारी घ्या, म्हणजे रतीब तुटत नाही.

रोजचे खाणे

४०० किलोची, दहा लिटर देणारी गाय धरा. हिरवे २० किलो, पेंढा ४ किलो, खुराक साडेपाच किलो: दीड किलो तिच्या शरीरासाठी, बाकी दर अडीच लिटर दुधाला एक किलो. म्हशीला दर दोन लिटरला एक. खुराक दोन वेळांत वाटा. दूध वाढावे म्हणून एकदम दोन किलो वाढवला तर पोट आंबते, शेण पातळ होते, गाय लंगडते. वाढ दर तीन-चार दिवसांनी अर्धा किलो.

घरी मिसळायचे तर १०० किलोला मक्याचा भरडा ३५, शेंगदाणा पेंड १५, सरकी पेंड १५, कोंडा २०, तूर किंवा हरभऱ्याची चुनी १२, क्षारमिश्रण २, मीठ १. हे क्षार आणि मीठ आतच आल्यावर वरून पुन्हा पूर्ण मात्रा घालू नका. गिरणीतला ताजा भाताचा कोंडा स्वस्त पडतो, पण तो तेलकट असल्याने दोन-तीन आठवड्यांत खवट होतो. खोबऱ्याच्या पेंडीचेही तसेच. पावसाळ्यात खुराक पंधरा दिवसांपुरताच आणा, पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पेंडीवरची बुरशी विषारी असते आणि ते विष दुधात उतरते.

पहिला पावसाळा

जुलैतल्या कोवळ्या गवतात ८५ टक्क्यांपर्यंत पाणी असते. गाय पोटभर खाते, शेण पातळ टाकते, दूध टिकते पण फॅट घसरते, कारण फॅट तयार व्हायला तंतुमय वैरण लागते. संकलन केंद्रावर गाईच्या दुधाला साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) मागतात. ते राखायचे तर सकाळी आधी पेंढा, नंतर हिरवे. कापलेले गवत पडवीत चार-सहा तास पसरून कोमेजू द्या. ओले गवत ढीग करून ठेवले तर तासाभरात गरम होते.

मे महिन्यात घटसर्प आणि फऱ्याची लस झालीच पाहिजे. लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा, लम्पीची वर्षातून एकदा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच. जंताचे औषध पावसाआधी आणि पावसानंतर. भाताच्या मळ्यातल्या गोगलगायींमधून यकृतातला पर्णकृमी येतो, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते आणि जनावर वाळत जाते. साधे जंताचे औषध त्यावर चालत नाही, म्हणून शेण तपासून डॉक्टरांनी सांगितलेलेच द्या. साचलेल्या पाण्याच्या कडेचे गवत कापू नका. लघवी कॉफीसारखी झाली आणि ताप चढला तर गोचिडांचा ताप समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२. लेप्टोस्पायरोसिस या रोगातही लघवी लाल होते, आणि तो माणसाला लागतो. पायाला जखम असताना गमबूट न घालता मोरी साफ करू नका.

खुरांसाठी दारात मोरचुदाचे ५ टक्के पाणी, म्हणजे १०० लिटरला ५ किलो, उथळ हौदात भरून आठवड्यातून दोनदा त्यातून चालवा.

सर्वांत जास्त पैसा खातो तो कासदाह. ओल्या जमिनीवर बसलेल्या गाईची सडाची भोके धार काढल्यावर निदान अर्धा तास उघडी राहतात. म्हणून धार झाली की प्रत्येक सड ०.५ टक्का पोव्हिडोन आयोडीनच्या कपात बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका, म्हणजे ती उभी राहते. धारेआधी सड धुऊन कोरडे पुसा, प्रत्येक गाईला वेगळे फडके. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात काढून गाठी दिसतात का पाहा. अंगठा दुमडून धार काढायची सवय सडाला आतून इजा करते, मुठीने काढा. पान्हा सुटल्यावर पाच-सात मिनिटांत काम संपले पाहिजे, त्यानंतर उरलेले दूध गाय सोडत नाही. प्रतिजैविक चालू असेल तर औषधाच्या वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत ते दूध रतिबात घालू नका.

माज, गाभण, वासरू

माज दर २१ दिवसांनी येतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. म्हशीचा माज मुका असतो, रात्री किंवा पहाटेच कळतो, म्हणून झोपण्यापूर्वी एक फेरी मारून काचेसारखा चिकट सोट दिसतो का बघा. एक माज हुकला म्हणजे २१ दिवसांचा खुराक फुकट. व्यायल्यानंतर ६० दिवसांच्या पुढे भरवा, भरल्यावर तीन महिन्यांनी तपासणी. गाय सुमारे २८० दिवसांनी, म्हैस ३१० दिवसांनी विते. विण्याआधी ६० दिवस आटवा. लहान चणीच्या गावठी गाईला होल्स्टीनची मात्रा देऊ नका, वासरू अडते.

वासराला जन्मल्यापासून दोन तासांच्या आत दोन लिटर चीक पाजा. खरवस नंतर, जो उरेल त्याचा. नाळेला आयोडीन लावा. पहिले दोन महिने वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके दूध. रेडकाला दहाव्या ते पंधराव्या दिवशी जंताचे औषध दिले नाही तर पांढऱ्या हगवणीने जाते. म्हशीच्या गोठ्यात सर्वांत जास्त रेडके यातच दगावतात, आणि रेडकू गेले की पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात.

विक्री

धार काढल्यापासून दोन तासांत दूध गिऱ्हाइकाच्या घरी किंवा शीतकरण केंद्रावर पोहोचवा. कॅन विहिरीच्या पाण्यात ठेवून दूध थोडे निवते, पण ते शीतकरण नव्हे, त्यासाठी ४ अंश सेल्सिअस लागते. घरगुती रतिबाचा भाव केंद्रापेक्षा नेहमीच चांगला असतो, मात्र तो गाय आटल्यावरही चालू ठेवावा लागतो. म्हणून सुरुवातीला निम्म्या दुधाचेच रतीब बांधा, उरलेले केंद्रावर घाला. रतिबासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. शिमगा, मे महिन्याची सुट्टी आणि गणपती या तीन वेळांना चाकरमानी येतात आणि मागणी दुप्पट होते. त्या वेळी दूध वाढवता येत नाही, पण केंद्रावरचे वळवता येते. रोजच्या गिऱ्हाइकाचे माप कापून पाहुण्यांना दूध घातले तर तो सप्टेंबरपासून पिशवीवर जातो.

वहीत रोज चारच आकडे लिहा: सकाळचे दूध, संध्याकाळचे दूध, खुराक किती किलो, आणि रोख किती गेली. माज, रेतन आणि लशींच्या तारखा शेवटच्या पानावर. महिना संपला की खुराकाचा खर्च एकूण दुधाने भागा. लिटरमागे आलेला आकडा विक्रीच्या भावाच्या निम्म्यापुढे गेला असेल, तर हिरव्याचे गुंठे वाढवा, तिसरी गाय घेऊ नका.